बळाचा चढता आलेख आणि कथेतील ताण

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार जगभर ओळखले जाते ते उल्काघाताने निर्माण झालेल्या विवरामुळे. बेसाल्ट खडकातील सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या विवरातील खाऱ्या सरोवराला २०२० मध्ये रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. भूशास्त्राने उत्तर शोधण्याच्या कितीतरी आधी परिसरातील लोकांनी या सरोवराचे कोडे एका कथेने सोडविले होते. जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही ती आली आहे. तिचे पाठभेद आहेत. ढोबळ सूत्र असे : लवणासुर नावाचा दैत्य येथे भूमिगत गुहेत राहत असे. त्याने आधी आसपासच्या राजांना नमविले, मग त्याची मजल थेट देवांना आव्हान देण्यापर्यंत गेली. तेव्हा विष्णूने देखण्या तरुणाचे रूप घेतले, दैत्याच्या दोन बहिणींना आपलेसे करून गुहेचा ठावठिकाणा मिळविला, पायाच्या अंगठ्याने गुहेवरचे झाकण उडविले आणि आत निद्रिस्त असलेल्या दैत्याला गाठून त्याचा निःपात केला. लोणारचे दैत्यसूदन मंदिर याच कथेशी जोडलेले आहे.

कथारचनेच्या दृष्टीने या आख्यायिकेत एक महत्त्वाची गोष्ट घडते. दैत्याचे बळ पायरीपायरीने चढत जाते. प्रथम राजे, नंतर देव. आता याहून वर काय दाखवायचे, असा प्रश्न कथाकारापुढे उभा राहतो. येथे तो विष्णूच्या बळाचे मोजमाप सांगत बसत नाही. तो श्रोत्याचे लक्ष दुसरीकडे वळवितो : दैत्य लपला आहे कोठे, आणि ते कळणार कसे? ताण निर्माण होतो तो या प्रश्नातून.

लोणारची कथा एका बैठकीत संपते. परंतु हीच कथा दर आठवड्याला एक प्रकरण या गतीने दहा-वीस वर्षे सांगावी लागली तर? जपानमधील ‘मांगा’ या चित्रकथाप्रकाराच्या लेखक-चित्रकारांपुढे गेली अनेक दशके हाच प्रश्न उभा आहे. महाराष्ट्राच्या शहरांतील तरुण वाचक आज या मालिका आवडीने वाचतात आणि त्यांवर आधारित चित्रपट-मालिका पाहतात. त्यांच्या चर्चेत एक तक्रार हमखास ऐकू येते : नायक जितका बलवान झाला, तितकी कथेतील गोडी कमी झाली. असे का व्हावे?

साप्ताहिकाचे गणित

या प्रश्नाचे मूळ बऱ्याच अंशी प्रकाशनाच्या पद्धतीत आहे. १९६८ मध्ये सुरू झालेले ‘शोनेन जंप’ हे मुलांसाठीचे नियतकालिक पुढे साप्ताहिक झाले आणि जपानमधील सर्वाधिक खपाचे चित्रकथा-साप्ताहिक ठरले. १९९४-९५ च्या सुमारास त्याचा खप ६५ लाख ३० हजार प्रतींवर पोहोचला होता. अंकासोबतच्या पत्रावर वाचकांनी आपल्या आवडत्या कथा कळवायच्या आणि त्या कौलानुसार मालिकांचे भवितव्य ठरायचे, ही तेथील रूढ पद्धत. कौलात मागे पडलेली मालिका काही महिन्यांत गुंडाळली जाते. आघाडीवर असलेली मालिका मात्र लेखकाला थांबवावीशी वाटली तरी सहजी थांबविता येत नाही.

परिणामी प्रत्येक आठवड्याचे प्रकरण आधीच्यापेक्षा अधिक रोमहर्षक असावे, असा दबाव निर्माण होतो. सर्वांत सोपा उपाय म्हणजे आणखी बलवान शत्रू आणावा. त्याला हरविण्यासाठी नायकाला नवे सामर्थ्य द्यावे, आणि मग त्या सामर्थ्यालाही भारी पडेल असा पुढचा शत्रू. ही शिडी चढायला सोपी असते. तिच्यावरून खाली उतरता मात्र येत नाही.

आकड्यांचा सापळा

या शिडीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अकिरा तोरियामा यांची ‘ड्रॅगन बॉल’. १९८४ ते १९९५ या काळात तिची ५१९ प्रकरणे प्रसिद्ध झाली. आरंभी ती एका निरागस, शेपटीवाल्या मुलाच्या भटकंतीची विनोदी कथा होती. पुढे ती परग्रहावरील योद्ध्यांशी होणाऱ्या युद्धांची कथा झाली आणि तिच्यात युद्धबळ मोजणारे एक यंत्र आले. डोळ्यावर लावायच्या या यंत्रात बंदूक घेतलेल्या शेतकऱ्याचे बळ ५ दिसते, तर नायक गोकूचे त्या वेळी ३३४. थोड्याच काळात खलनायक फ्रीझा स्वतःचे बळ ५ लाख ३० हजार असल्याचे सांगतो, आणि तेही त्याच्या पहिल्याच रूपातले.

आकड्याचा फायदा असा, की धोका किती मोठा आहे हे वाचकाला एका क्षणात कळते. तोटाही त्यातच आहे. आकडे समोर असले की लढतीचा निकाल वजाबाकीने सांगता येतो, आणि युक्ती, धैर्य, चूक, नशीब यांना जागाच उरत नाही. बहुधा तोरियामा यांनाही हे जाणवले असावे. फ्रीझाचा पराभव झाल्यानंतर ट्रंक्स नावाचा अनोळखी तरुण येतो, तेव्हा त्याच्याकडे रोखलेले यंत्र केवळ ५ हा आकडा दाखविते. आणि तोच तरुण फ्रीझाचे तुकडे करतो. त्यानंतर कथेतून मोजमाप जवळपास नाहीसे होते.

शिडी मात्र थांबली नाही. यामागे संपादकांचा हात किती असतो, याचीही हकिकत प्रसिद्ध आहे. पुढच्या पर्वात तोरियामा यांनी १९ आणि २० क्रमांकांचे यंत्रमानव शत्रू म्हणून आणले. त्यांचे पूर्वीचे संपादक काझुहिको तोरिशिमा यांना ते पसंत पडले नाहीत, म्हणून १७ आणि १८ क्रमांकांचे आले. त्यांवरही नापसंती झाली, म्हणून सेल हा तिसरा शत्रू जन्माला आला. अर्थात या पर्वातील सर्वांत उत्कट क्षण सेलच्या बळाचा नाही. गोकूचा मुलगा गोहान याच्याकडे सेलला हरविण्याची शक्ती आहे, पण या मृदू स्वभावाच्या मुलाला लढायचेच नाही. पुरेसे बळ असूनही हात उचलत नाही, या पेचाने वाचक खिळून राहतो.

याच मालिकेत सात मणी जमविले की मृतांनाही परत आणता येते. मृत्यू असा उलटविता आला, की बळाची वाढ आणखीच पोकळ होते. हरल्यास नेमके काय गमावणार, याचे उत्तर उरत नाही. तरीही वाचकांनी या मालिकेवर जिवापाड प्रेम केले. ती १९९५ मध्ये संपली. पुढच्याच वर्षी बास्केटबॉलवरील ‘स्लॅम डंक’ ही लोकप्रिय मालिकाही संपली, आणि १९९७ मध्ये ‘शोनेन जंप’ खपात आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या मागे पडले. यशस्वी मालिका थांबविण्यास प्रकाशक का बिचकतात, हे यावरून ध्यानात येईल.

मोजायचे काय?

एईचिरो ओदा यांची ‘वन पीस’ १९९७ पासून सुरू आहे आणि तिचे १०० हून अधिक खंड निघाले आहेत. तिच्यातही आकडे आहेत, पण ते निराळ्या जातीचे. समुद्री चाच्यांना पकडण्यासाठी तेथील सरकार इनाम जाहीर करते. नायक लुफीवरील पहिले इनाम ३ कोटींचे असते. पुढे ते १० कोटी, ३० कोटी असे वाढत ३०० कोटींवर जाते. वरवर पाहता ही ‘ड्रॅगन बॉल’मधील यंत्राचीच आवृत्ती वाटेल.

फरक असा, की इनाम अंगातले बळ मोजत नाही. सत्तेला कोणाची किती भीती वाटते, ते मोजते. निको रॉबिन या पात्रावर वयाच्या ८ व्या वर्षी ७ कोटी ९० लाखांचे इनाम लागते. कारण? तिला बंदी घातलेली प्राचीन लिपी वाचता येते. आकडा मोठा होतो तसा येथे निकाल ठरत नाही, उलट प्रश्न वाढतो : हे सरकार एका लहान मुलीच्या वाचनाला एवढे का घाबरते?

लुफीच्या लढतीही अनेकदा बळाच्या बेरजेवर ठरत नाहीत. स्वतःला देव म्हणवणाऱ्या एनेलची वीज सर्वांना भस्मसात करते. लुफीचे शरीर रबराचे असल्याने त्याच्यावर ती चालत नाही. ज्या फळामुळे त्याला हे शरीर लाभले, त्याच फळामुळे समुद्रावर भटकणाऱ्या या चाच्याला पोहता मात्र येत नाही. आणि मालिकेतील सर्वांत मोठ्या युद्धात, नायक पूर्वीपेक्षा बलवान झालेला असताना, त्याचा भाऊ एस त्याच्या डोळ्यांदेखत मारला जातो. बळ वाढूनही ते पुरे पडत नाही, आणि गेलेला माणूस परत येत नाही.

अट आणि किंमत

बळाला अट घालणे हा दुसरा मार्ग. योशिहिरो तोगाशी यांनी १९९८ मध्ये सुरू केलेल्या ‘हंटर हंटर’मध्ये त्याचा काटेकोर नियमच केलेला आहे : स्वतःवर जितके कडक बंधन घालाल, तितकी शक्ती वाढेल. कुरापिका हा तरुण आपल्या कुळाचा संहार करणाऱ्या टोळीसाठी एक साखळी सिद्ध करतो. टोळीबाहेरच्या कोणावर ती वापरली तर त्याचाच प्राण जाईल. त्यामुळे तो जेव्हा जेव्हा साखळी उचलतो, तेव्हा धोका दोन्ही बाजूंना असतो. याच मालिकेतील अजिंक्य राजा मेरुएमला द्वंद्वात कोणी हरवू शकत नाही. तो मरतो माणसाने बनविलेल्या विषारी स्फोटकाने, आणि त्या विजयाचा आनंद वाचकाला होत नाही.

मराठी वाचकाला हे तत्त्व परके नाही. कर्णाची कवचकुंडले दानात जातात, त्या बदल्यात मिळालेली शक्ती एकदाच वापरता येते, आणि अर्जुनासाठी राखून ठेवलेली ती शक्ती घटोत्कचावर खर्ची पडते. कर्णाचे बळ कथेच्या ओघात घटत जाते, तरी त्याच्याविषयीची उत्कंठा वाढतच राहते. रामायणाच्या उत्तरकांडात लवण नावाचाच दैत्य येतो. हातात शंकराचा शूळ असेपर्यंत तो अजिंक्य आहे. शूळ घरी ठेवून तो बाहेर पडला असताना शत्रुघ्न त्याला नगरीच्या दाराशी अडवितो. वर मागणारा प्रत्येक असुर आणि त्या वरातील एक पळवाट, ही पुराणकथांची जुनी रचना म्हणजे बळाच्या प्रश्नावरचे उत्तरच होय.

मराठी मालिकांचा मार्ग

विसाव्या शतकातील मराठी रंजनपर मालिकांनी या सापळ्याला आपापल्या परीने बगल दिली. बाबूराव अर्नाळकर यांनी झुंजार, काळापहाड अशा नायकांना घेऊन हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. प्रत्येक पुस्तकातील गुन्हा नवा असे आणि तो त्याच पुस्तकात उलगडे, त्यामुळे मागच्यापेक्षा मोठा शत्रू आणण्याची सक्ती नव्हती. भा. रा. भागवत यांचा फुरसुंगीचा बनेश फेणे २० पुस्तकांत वावरला, पण त्याचे सामर्थ्य म्हणजे चपळ पाय आणि जागी बुद्धी एवढेच राहिले. संकट मोठे आणि मुलगा लहान, हे अंतर लेखकाने कधी मिटू दिले नाही. नारायण धारप यांच्या समर्थांकडे असामान्य शक्ती आहे. म्हणून धारपांनी भय ठेवले ते साध्या घरात आणि सामान्य माणसांच्या मनात.

अर्थात पुस्तकागणिक पूर्ण होणाऱ्या कथेत पात्राची वाढही मर्यादित राहते. मांगाचे आकर्षण नेमके तेथे आहे. वाचक नायकाबरोबर दहा-पंधरा वर्षे मोठा होतो आणि त्याने मिळविलेल्या प्रत्येक पायरीचा साक्षीदार असतो. म्हणूनच ती पायरी फुकटची निघाली, तर त्याला फसवणूक झाल्यासारखे वाटते.

थांबण्याचे सामर्थ्य

अलीकडच्या काही लेखकांनी शिडीच आखूड केली. कोयोहारू गोतोगे यांची ‘किमेत्सु नो याइबा’ २०१६ मध्ये सुरू झाली आणि लोकप्रियतेच्या शिखरावर असताना २०२० मध्ये २३ खंडांत संपली. तिच्यातील शत्रूंची उतरंड आरंभापासून ठरलेली होती. सर्वांत वरचा शत्रू कोण, हे वाचकाला फार लवकर कळते आणि त्याच्यावर आणखी कोणी चढविला जात नाही. हिरोहिको अराकी यांनी १९८७ पासून चाललेल्या ‘जोजो’मध्ये पर्वागणिक नायक बदलला, त्यामुळे बळाचा हिशेब प्रत्येक वेळी नव्याने मांडता आला.

दीर्घ मालिकेची किंमत लेखकही मोजतो. पाठीच्या दुखण्यामुळे तोगाशी यांना वारंवार काम थांबवावे लागले. ‘बर्सर्क’चे निर्माते केन्तारो मिउरा मे २०२१ मध्ये वयाच्या ५४ व्या वर्षी निवर्तले, १९८९ पासून चाललेली त्यांची मालिका अपुरी राहिली आणि २०२२ पासून मित्र कोउजी मोरी यांच्या देखरेखीखाली त्यांच्या सहायकांनी ती पुढे नेली. वाचकाला हवा असलेला ‘आणखी एक शत्रू’ कोणाच्या तरी दिवसरात्रीच्या श्रमांतून उभा राहत असतो.

एखादी दीर्घ मालिका हाती घेताना वाचकाने तीन गोष्टी पाहाव्यात. नायकाला मिळालेल्या नव्या शक्तीसाठी त्याने काय दिले? ती शक्ती कोणत्या प्रसंगी निरुपयोगी ठरते? आणि तो हरला तर असे काय जाईल, जे पुन्हा मिळणार नाही? या तिन्हींची उत्तरे कथेत असतील, तर बळ कितीही वाढले तरी ताण टिकतो. ती नसतील, तर आकड्यांपुढे आणखी शून्ये जोडून काही साधत नाही.