पावसाची नोंद: वहीपासून फेरोइलेक्ट्रिक स्मृतीपर्यंत

पाऊस मोजणे आणि ती मोजणी टिकवणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसरे अधिक अवघड ठरले. मुळशी तालुक्यात ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पुणे शहरात सातशेच्या आसपास. याच तालुक्यातले रिहे गाव या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात येते. इतक्या थोड्या अंतरात पाऊस एवढा घटत असल्याने एका खोऱ्याचा आकडा शेजारच्या खोऱ्याला लागू पडत नाही. मापके जागोजागी लागतात आणि ती माणसाविना चालावी लागतात.

भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले. १९४४ मध्ये ते दिल्लीला गेले, तरी उपकरणांचा विभाग पुण्यातच राहिला. साध्या पर्जन्यमापकातले पाणी रोज सकाळी साडेआठला मोजून वहीत लिहिले जाई. स्वयंलेखी मापकात घड्याळयंत्राने फिरणाऱ्या नळकांड्यावरील कागदावर शाईची रेघ उमटे; पण कागद बदलायला माणूस लागेच.

१९८३ मध्ये इन्सॅट-१बी अवकाशात गेल्यावर उपग्रहामार्फत निरीक्षणे पाठवणारी स्वयंचलित केंद्रे उभी राहू लागली. पुढची अडचण विजेची होती. रॅममधील नोंद वीज जाताच पुसली जाते, म्हणून तिला बॅटरीचा आधार सतत द्यावा लागे. तोशिबाचे फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या फ्लॅश स्मृतीने ही अट काढली. १९९० च्या दशकात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एमएसपी४३० सारखे मायक्रोकंट्रोलर आले. ते बहुतेक वेळ झोपलेले राहतात आणि त्या अवस्थेत जेमतेम एक मायक्रोअँपिअर प्रवाह घेतात.

फ्लॅशलाही मर्यादा होत्या. तिच्यात लिहिण्यासाठी चिपच्या आत दहा व्होल्टहून अधिक दाब तयार करावा लागतो, जुना मजकूर गठ्ठ्याने पुसावा लागतो आणि दहा हजार ते एक लाख वेळा लिहून झाल्यावर ती झिजते. २०११ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने एमएसपी४३० मध्ये फेरोइलेक्ट्रिक स्मृती बसवली. तिच्या स्फटिकाचे ध्रुवीकरण सुमारे दीड व्होल्टवर उलटते. त्यामुळे प्रत्येक नोंद लगेच आणि अल्प ऊर्जेत लिहिता येते. बॅटरी मध्येच संपली तरी आधीच्या नोंदी शाबूत राहतात. लेखनाची मर्यादा एकावर पंधरा शून्यांइतकी आहे.

मात्र अशा मायक्रोकंट्रोलरमध्ये तिची साठवणक्षमता किलोबाइटांत मोजली जाते आणि दर बिटामागे ती फ्लॅशहून महाग पडते. म्हणून ताज्या नोंदी फेरोइलेक्ट्रिक स्मृतीत आणि वर्षानुवर्षांचा संग्रह फ्लॅशमध्ये, अशी विभागणी सोयीची ठरते.