जुनी मोटार घेताना : रंगाखाली दडलेला अपघात कसा ओळखावा?

अपघातानंतरची दुरुस्ती दोन प्रकारची असते. बंपर किंवा दरवाजा बदलणे ही वरवरची दुरुस्ती. ती नीट झाली असेल तर गाडी नाकारण्याचे कारण नाही. मात्र चासीचे पुढचे दांडे, छताचे खांब किंवा तळाचा पत्रा वाकल्यावर ठोकून सरळ केला असेल, तर पुढच्या धडकेत सांगाडा आघात सोसेल याचा भरवसा उरत नाही. खरेदीदाराने शोधायची ती ही दुसरी दुरुस्ती.

बाह्यांग : तपासणी दिवसाउजेडी, गाडी कोरडी असताना करावी. बॉनेट, दरवाजे व डिकी यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्याच रुंदीच्या हव्यात. बोल्टवरील रंग उडाला असल्यास तो भाग पूर्वी उघडलेला असतो. कारखान्यातील रंगाचा थर साधारणतः 100 ते 150 मायक्रॉन जाडीचा असतो; जाडीमापकाने 300 च्या पुढचा आकडा दाखविल्यास खाली पुट्टी असण्याची दाट शक्यता असते.

सांगाडा : दरवाजाचे रबर बाजूला सारावे, डिकीतील स्टेपनी काढून तळ न्याहाळावा. कारखान्यातील स्पॉट वेल्डिंगचे गोल ठिपके बहुधा एकसारखे दिसतात. हाताने केलेला जोड ओबडधोबड असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने गंजरोधक थर जळतो. त्यामुळे गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत असा जोड लवकर गंजतो. गंज सर्वत्र सारखा असेल तर तो हवामानाचा. एकाच जोडावर असेल तर संशय घ्यावा.

एअरबॅग : चावी फिरवताच तिचा दिवा पेटून काही सेकंदांत विझला पाहिजे. तो विझत नसेल तर यंत्रणेत दोष आहे. मुळीच पेटत नसेल तर दोष लपविलेला असू शकतो.

कागदपत्रे : विम्यातील ‘नो क्लेम बोनस’ दावा न केल्यास 20 टक्क्यांपासून 50 टक्क्यांपर्यंत वाढतो. जुन्या गाडीवर तो शून्य असल्यास कारण विचारावे व सर्व्हिसिंगच्या नोंदी मागाव्यात. गोव्यात काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या ‘रेंट-अ-कॅब’ गाड्या पुढे खासगी नोंदणीवर विकल्या जातात. अशी गाडी अनेक चालकांच्या हातून गेलेली असते. म्हणून नोंदणीचा पूर्वेतिहास पाहावा.

विसार देण्यापूर्वी आपल्या ओळखीच्या मेकॅनिककडून गाडी लिफ्टवर चढवून खालून तपासून घ्यावी. विक्रेता त्यास नकार देत असेल, तर व्यवहार तेथेच थांबवावा.