ॲक्टिनवरचा स्नायूचा शिक्का

दुसरं महायुद्ध पेटलेलं असताना हंगेरीतल्या सेगेद शहरात, आल्बर्ट सेंट-ग्योर्गी यांच्या प्रयोगशाळेत, इलोना बांगा सशाच्या स्नायूचा खिमा खारट द्रावणात भिजवत होत्या. वीसेक मिनिटांत गाळलेलं द्रावण पातळ निघे. रात्रभर ठेवलेलं मात्र दाट, चिकट. त्यात एटीपी घातलं की दाटपणा ओसरे. एकाच स्नायूचे असे दोन रस का, याचं उत्तर १९४२ मध्ये ब्रूनो स्ट्राउब यांनी दिलं: सवड मिळाली की मायोसिनबरोबर आणखी एक प्रथिन सुटून येतं. तेच ॲक्टिन. ते स्नायूत सापडलं म्हणून स्नायूचंच ठरलं, आणि पेशी कशी सरकते हे कळायला पुढे जो उशीर झाला त्यात या शिक्क्याचा वाटा मोठा आहे, असं मला वाटतं. अमीबाला स्नायू नाही, जखमेकडे धावणाऱ्या पांढऱ्या पेशीलाही नाही. तरी दोघंही चालतात, हे सूक्ष्मदर्शकाखाली केव्हापासून दिसत होतं.

दोष शिक्क्याचा नव्हे, साधनांचा, असं कुणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी पेशी ज्या ऑस्मियममध्ये पक्क्या करत, त्यानेच ॲक्टिनचे नाजूक तंतू मोडत. पण १९६६ मध्ये जपानात हातानो आणि ओसावा यांनी स्लाइम मोल्डमधून ॲक्टिन वेगळं काढलं ते प्रथिनं शुद्ध करण्याच्या रसायनविद्येवर. त्यासाठी मुळात तिथे शोधावंसं वाटायला हवं होतं. १९६९ मध्ये इशिकावा, बिशॉफ आणि होल्झर यांनी ग्लिसरीनने पेशींचं आवरण सैल करून आत मायोसिनचे तुकडे सोडले. स्नायूबाहेरच्या पेशींतल्या तंतूंवरही ते तुकडे बाणाच्या टोकांसारखे ओळीने, एकाच दिशेला तोंड करून बसले. ही खूण ॲक्टिनचीच.

शिक्का इथेही पुरता पुसला नाही. ॲक्टिन आहे म्हणजे मायोसिन ते ओढत असणार, हा तर्क स्नायूवरूनच आलेला होता. पेशीचा मागचा भाग ओढून घेताना तो बऱ्याच अंशी खराही ठरतो. पण पुढची कड? लंडनमध्ये ॲन रिडली आणि ॲलन हॉल यांनी १९९२ मध्ये दाखवलं, की उपाशी ठेवलेल्या पेशीत रॅक हे छोटं प्रथिन टोचलं की काही मिनिटांत कडेला ॲक्टिनच्या झालरी उठतात, आणि ऱ्हो टोचलं की आत जाड जुड्या बांधल्या जातात. दोन्ही प्रथिनं जीटीपी धरलं की चालू, त्याचं जीडीपी झालं की बंद. म्हणजे सांगाडा कुठे उभारायचा हे संकेत ठरवतात. आणि ढकलायला मायोसिन लागतंच का? १९९९ मध्ये फ्रान्समध्ये मारी-फ्रान्स कार्लिए यांच्या गटाने मोजकी शुद्ध प्रथिनं एकत्र केली, त्यांत लिस्टेरिया जीवाणू सोडला. मिश्रणात मायोसिन नव्हतं. मागे ॲक्टिनची शेपटी वाढत गेली आणि जीवाणू पुढे सरकत राहिला.