प्रकाशाची कला सांभाळणारा स्फटिक
प्रकाशतंतूतून संदेश पाठविताना लेसरच वेगाने चालू-बंद केला, तर त्याची तरंगलांबी डळमळते व दूरच्या प्रवासात संदेश विस्कटतो. म्हणून लेसर अखंड तेवत ठेवून त्याच्या प्रकाशाची कला, म्हणजेच फेज, बाहेरून बदलतात. हे काम लिथियम नायोबेटचा स्फटिक करतो. विद्युतदाब देताच त्याचा वक्रीभवनांक किंचित बदलतो. फ्रीड्रिख पॉकेल्स यांनी १८९३ मध्ये अभ्यासलेला हाच तो परिणाम. माख-झेंडर रचनेत प्रकाश दोन वाटांनी विभागून पुन्हा एकत्र आणला जातो. लहरी समकलेत आल्या तर उजेड, अर्ध्या तरंगलांबीने मागेपुढे झाल्या तर अंधार! १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशासाठी हा फरक जेमतेम पाऊण मायक्रोमीटरचा. साहजिकच तापमान थोडे बदलले तरी मेळ बिघडतो आणि नियंत्रक मंडलाला दाब सतत सावरावा लागतो.