मणक्याचे दुर्बिणीतून ऑपरेशन: कधी करावे, कधी थांबावे

सातारा-सांगलीकडे कोणाची कंबर धरली की दोन गोष्टी हमखास कानावर पडतात: ‘मणक्यात गॅप आलाय’ आणि ‘शीर दबलीय’. यातला गॅप हा शब्द खरे तर उलटा आहे. मणक्यांत फट पडत नाही. दोन मणक्यांमधली गादी, म्हणजे डिस्क, वयानुसार सुकते, चपटी होते आणि मणक्यांमधले अंतर कमी होते. दुसरे वाक्य मात्र बऱ्याचदा खरे असते. गादीच्या बाहेरच्या कड्याला चीर पडली की आतला मऊ गर बाहेर येतो आणि शेजारून जाणाऱ्या नसेला टेकतो. कंबरेतल्या नसा पायात जातात, म्हणून कळ खुब्यातून पोटरीपर्यंत उतरते. मानेत हे झाले तर ती हातात जाते.

ऑपरेशन करायचे की नाही, हे बरेचसे या फरकावर ठरते. दुर्बिणीतून केलेले ऑपरेशन नसेवरचा दाब काढते. त्यामुळे पायातली किंवा हातातली कळ जाते. नुसती कंबर किंवा नुसती मान दुखत असेल, तर त्यात सहसा स्नायू, सांधे आणि झिजलेल्या गादीचा वाटा असतो. डोक्यावर उसाच्या मोळ्या वाहणारा तोडणी कामगार, हळदीची पोती उचलणारा हमाल, दिवसभर स्टिअरिंगवर बसणारा एसटीचा चालक यांची कंबर अनेकदा अशी दुखते. तिथे काढून टाकण्यासारखा दाबच नसतो. कामाची पद्धत बदलणे आणि व्यायाम हाच उपचार.

गोंधळ वाढतो तो एमआरआयमुळे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, कसलाही त्रास नसलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांचे अहवाल एकत्र पाहिले गेले. विशीतल्या सुमारे ३० टक्के लोकांत आणि पन्नाशीतल्या सुमारे ६० टक्के लोकांत गादी फुगलेली दिसली, आणि ही सगळी माणसे ठणठणीत होती. म्हणून अहवालातला ‘बल्ज’ हा शब्द वाचून घाबरू नये. फिल्मवर ज्या नसेवर दाब दिसतो, तिच्याच वाटेने तुमची कळ जाते का, हे तपासणारा डॉक्टर महत्त्वाचा.

गादीचा गर नसेवर दाबतो आणि तो काढला की कळ थांबते, हे मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ साली दाखवून दिले. तेव्हापासून पाठीचे स्नायू हाडापासून सोडवून, हाड कापून ऑपरेशन होत असे. १९७७ साली यासारगिल आणि कास्पार यांनी सूक्ष्मदर्शकाखाली छोट्या चिरेतून काम करण्याची पद्धत मांडली. १९९७ मध्ये फोली आणि स्मिथ यांची नळीची पद्धत आली. यात स्नायू कापत नाहीत. एकाहून एक जाड नळ्या सरकवून त्यांचे धागे बाजूला सारतात. साधारण दोन सेंटिमीटर रुंद नळीतून हाडाचा थोडा भाग आणि नसांवरचा पिवळसर पडदा काढून गराचा तुकडा उचलतात. एंडोस्कोपीत नळी आणखी बारीक, जेमतेम करंगळीएवढी. ती कंबरेच्या बाजूने घालायची असेल तर पुष्कळदा जागा बधिर करूनच काम भागते आणि रुग्ण बोलत असतो. आपल्याकडे या तिन्हींना ‘दुर्बीण’च म्हणतात, तेव्हा नेमके कोणते ऑपरेशन होणार, हे विचारून घ्यावे.

छोट्या चिरेचे फायदे खरे आहेत: रक्त कमी जाते, माणूस त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालू लागतो, घरी लवकर जातो. पण ती म्हणजे जादू नव्हे. २०१४ च्या कोक्रेन आढाव्यात नेहमीच्या आणि छोट्या चिरेच्या ऑपरेशननंतर उरलेल्या दुखण्यात फारसा फरक आढळला नाही. जंतुसंसर्ग छोट्या चिरेत कमी दिसला. नसांभोवतीचे आवरण फाटणे, तिथेच पुन्हा गादी सरकणे हे धोके दोन्हींत राहतात. ‘बिनटाक्याचे’ एवढ्याच शब्दावर भुलून होकार देऊ नये.

मग थांबावे किती? नेदरलँड्समध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ६ ते १२ आठवडे पायात तीव्र कळ असलेल्या २८३ रुग्णांचे दोन गट केले. लवकर ऑपरेशन झालेल्यांची कळ लवकर गेली. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना पुढे ऑपरेशन करावेच लागले. पण वर्षाअखेर दोन्ही गटांतले जवळपास ९५ टक्के लोक बरे झाले होते. म्हणजे कळ सोसवत असेल तर थांबण्यात नुकसान नाही. हंगाम तोंडावर आहे, घर एकाच्या कमाईवर चालते, तर लवकर करण्यालाही अर्थ आहे.

काही लक्षणांत मात्र एक दिवसही थांबू नये. लघवी अडली किंवा कळत नाही, बसायची जागा बधिर झाली, पाऊल उचलेना, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. मानेचे दुखणे याहून फसवे, कारण मानेत मज्जारज्जूच दबू शकतो. शर्टाची बटणे लावताना बोटे अडखळतात, चप्पल पायातून निसटते आणि कळतही नाही, चाल डगमगते. वेदना फारशी नसल्याने घरचे ‘वय झाले’ म्हणून सोडून देतात. तोवर मज्जारज्जूचे नुकसान होत राहते. कंबरदुखीबरोबर ताप आणि वजन घटत असेल, तर मणक्याचा क्षयरोग आहे का, हे आधी पाहावे लागते.

या भागातल्या रुग्णांना त्यासाठी दरवेळी पुणे-मुंबई गाठायची गरज नसते. मिरजेत विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभे केले, १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले आणि गाव दवाखान्यांचेच झाले. कराडलाही वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. मात्र तुम्हाला सांगितलेले ऑपरेशन त्या यादीत आणि त्या रुग्णालयात बसते का, हे दाखल होण्यापूर्वीच तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. जाताना रेशनकार्ड, आधारकार्ड आणि एमआरआयच्या मूळ फिल्म सोबत ठेवा; नुसत्या अहवालावर दुसरा डॉक्टर मत देणार नाही.