काँक्रीटमधील कृत्रिम तंतू : अहमदनगर जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

ठिसूळ पदार्थाला तंतूंचा आधार देण्याची रीत दख्खनमध्ये फार जुनी आहे. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू असल्याचे राजदेव सिंग व एम. एम. सरदेसाई यांनी २०१६ मध्ये दाखवून दिले. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील पांढऱ्या मातीच्या घरांनाही भुसा मिसळून मुरविलेल्या चिखलाचा गिलावा होत असे. वाळताना माती आकसते; भेग रुंदावण्यापूर्वी काडी तिला धरून ठेवते.

सिमेंट आल्यावर तंतूंच्या निवडीचा निकष बदलला. सिमेंटमधील पाण्याचा सामू १२.५ च्या वर असतो. त्यात वनस्पतिज तंतू हळूहळू कमकुवत होतात. १९०० च्या सुमारास हाचेक यांनी अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटच्या पत्र्यांची पद्धत शोधली. त्या तंतूने कामगारांच्या फुप्फुसांचे केलेले नुकसान पुढे जगासमोर आले. १९६० च्या दशकात अमेरिकेत गोल्डफाइन यांनी स्फोटाचा आघात सोसणाऱ्या बांधकामांसाठी कृत्रिम तंतूंचे प्रयोग केले. कृत्रिम तंतूंचा इतिहास असा लष्करी गरजेतून पुढे सरकला, हे लक्षणीय आहे.

या तंतूंत मोठा गुणभेद आहे. नायलॉन चिवट, परंतु हवेतूनच वजनाच्या सुमारे ४ टक्के ओलावा घेणारा. पॉलिएस्टर ताणाला चांगला. मात्र त्यातील एस्टर बंध अल्कात तुटतात, म्हणून दीर्घकालीन भरवशाबाबत तो मागे पडतो. पॉलिप्रॉपिलीन पाणी जवळजवळ शोषत नाही व अल्कालाही दाद देत नाही. त्याची उणीव निराळी : त्याची ताठरता काँक्रीटहून बरीच कमी आहे. घनमीटरला सुमारे ९०० ग्रॅम, म्हणजे आकारमानाच्या ०.१ टक्का, एवढ्या नेहमीच्या प्रमाणात तो कठीण झालेल्या काँक्रीटचे बळ फारसे वाढवीत नाही. त्याचा खरा उपयोग पहिल्या काही तासांतला.

पर्जन्यछायेतील या जिल्ह्यात हे तासच निर्णायक ठरतात. चैत्र-वैशाखातील कोरड्या वाऱ्यात लादीच्या पृष्ठभागावरून चौरस मीटरला ताशी १ किलोहून अधिक पाणी उडू लागले, की ओल्या काँक्रीटला तडे जाण्याचा धोका वाढतो. हे तडे तंतू आवरतात. मात्र तंतू घातले म्हणजे पाणी कमी मारले तरी चालते, हा समज घातक आहे. सिमेंटच्या जलसंयोगाला लागणारे पाणी कोणताही तंतू पुरवीत नाही, ०.१ टक्का पॉलिप्रॉपिलीन स्लॅबमधील लोखंडी सळईची जागाही घेऊ शकत नाही. टंचाईच्या काळात पाणी वाचवायचे, तर ओली गोणपाटे वा प्लास्टिकचे आच्छादन हाच मार्ग उरतो, आणि तो तंतूंपेक्षा स्वस्तही आहे.