रजा, सुटी आणि खाडा

सिल्वासातल्या टोकरखाड्याचे नाव ऐकले की मराठी माणसाचा कान 'खाडा' या शब्दापाशी अडतो. त्या नावाशी आपल्या खाड्याचा संबंध जोडायला मी निघालेलो नाही. पण त्या भागात मराठी आणि गुजराती शेजारी नांदतात, आणि तिथे एक गंमत दिसते. गुजराती माणूस 'आजे रजा छे' म्हणतो, तेव्हा शाळा-कचेऱ्या सगळेच बंद असते. मराठीत रजा एकट्याची आणि सुटी सगळ्यांची. २ ऑगस्टला तिथे मुक्तिदिनाची सुटी. तिला जोडून कुणी ३ तारीख मागितली तर ती रजा.

'रजा' मूळची अरबी, फारसीतून आपल्याकडे आली. अर्थ संमती, परवानगी. जुन्या मराठीत रजा घेणे म्हणजे निरोप घेणे. आम्ही कारकून अर्जात 'रजा मंजूर व्हावी' असे लिहितो, म्हणजे परवानगीलाच परवानगी मागतो! पोर्तुगीज 'लिसेंसा'चे तेच आहे: परवानगी, परवाना आणि नोकराची रजा, तिन्ही एकाच शब्दात. इंग्रजी 'लीव्ह'ही मुळात परवानगीच. नगर हवेली १७८३ साली आणि दादरा १७८५ साली मराठ्यांकडून पोर्तुगिजांकडे गेले, १९५४ मध्ये मुक्त झाले, १९६१ मध्ये भारतात विलीन झाले. कचेरीची भाषा बदलत गेली, अर्जाचा सूर तोच राहिला.

पोर्तुगिजांची आणखी एक मजा. त्यांचा सोमवार 'सेगुंद फैर'. यातल्या 'फैर'चे लॅटिन मूळ सणाच्या, विश्रांतीच्या दिवसाचे, आणि तो शब्द चिकटला नेमका कामाच्या वारांना! आपल्या फेस्ताची फेरी त्याच कुळातली. असो.

सुटी मात्र 'सुटणे'मधून आली. शाळा सुटते, दावे सुटते, तशी. तरी तीही आपोआप सुटलेली नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवार मिळाला तो १० जून १८९० रोजी, नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे झगडल्यावर. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली.

ज्याला हे काहीच नाही, त्याच्या वाट्याला खाडा. दूधवाल्याचा खाडा, मोलकरणीचा खाडा, रोजंदाराचा खाडा. ताप आला तरी खाडाच, कारण हा शब्द कारण विचारत नाही, पैसे तेवढे कापतो. साहेब रजेवर असतात. बाईने मात्र 'दांडी मारलेली' असते.

अलीकडे घरच्या कॅलेंडरवर मोलकरणीच्या महिन्यातल्या दोन दिवसांपुढे मी 'रजा' लिहू लागलो आहे. पैसे कापत नाही. ते पाहून बायकोने विचारले, "अर्ज दिला होता का तिने?"